जोर गेला की दिशा गेली

रस्त्यावर अचानक म्हैस आडवी आली तर आपण पहिल्यांदा काय करतो? ॲक्सिलरेटर सोडतो आणि ब्रेक दाबतो. स्कूटर असो की मोटार, भीती वाटली की वेग कमी करायचा हे आता आपल्या हातापायांनाच ठाऊक झाले आहे. पण पाण्यावर चालणारे एक वाहन असे आहे, की तिथे हा शहाणपणा घात करतो. समोर खडक दिसला आणि चालवणाऱ्याने घाबरून वेग सोडला, तर ते वाहन वळायचेच बंद होते आणि होते त्याच दिशेने सरळ खडकावर जाते. त्याचे नाव जेट बोट.

याचे कारण तिच्या रचनेत आहे. साध्या मोटारबोटीला मागे पाण्यात फिरणारा पंखा असतो आणि वळवण्यासाठी सुकाणू असते. जेट बोटीच्या बुडाखाली यातले काहीच लोंबत नाही. बुडालाच एक जाळीचे तोंड असते. त्यातून पाणी आत येते, इंजिनाच्या जोराने फिरणारा इम्पेलर ते पाणी मागे रेटतो, आणि मागच्या निमुळत्या तोंडातून त्याची जोरदार धार बाहेर पडते. धार मागे, बोट पुढे. वळायचे असेल तर ती धारच डावीकडे किंवा उजवीकडे वळवायची. मागे यायचे असेल तर धारेवर बादलीच्या आकाराचे एक झाकण खाली पाडायचे, म्हणजे धार उलटून पुढच्या बाजूला जाते. थोडक्यात, ती एक धारच बोटीचा जोर, तीच सुकाणू आणि तीच ब्रेक. धार बंद पडली की तिन्ही गोष्टी एकदम जातात.

आपल्या शेतकरी वाचकांना हे समजावून सांगायची गरज नाही. विहिरीवरचा पंप ज्याने एकदा तरी खोलला आहे, त्याने जेट बोटीचा निम्मा अभ्यास केलेलाच आहे. तीच जाळी, तोच इम्पेलर, तेच सील, तेच बेअरिंग. फरक एवढाच, की विहिरीवर पंप जागेवर राहतो आणि पाणी हलते. इथे पंपच पाण्यावरून धावत सुटतो. विहिरीवरचा पंप बिघडला तर पिकाची एक पाळी चुकते. नदीच्या मधोमध हा पंप बिघडला तर माणसे बुडतात. म्हणून जुनी जेट बोट सांभाळणे हा केवळ हौसेचा मामला नव्हे.

हा विषय डोक्यात शिरला तो माझ्या एका माजी विद्यार्थ्यामुळे. नोकरीच्या निमित्ताने तो काही वर्षांपूर्वी न्यूझीलंडमध्ये ख्राइस्टचर्चला गेला. तिथे शेजाऱ्याबरोबर भागीत त्याने एक जुनी, ॲल्युमिनियमची जेट बोट घेतली. बोटीचे वय त्याच्या स्वतःच्या वयाच्या जवळपास. आता सुट्टीच्या दिवशी फोन आला की अर्धा वेळ घरची विचारपूस आणि अर्धा वेळ ग्रीस आणि बेअरिंग. "सर, इथं मेकॅनिकच्या एका तासाला जे मोजतात, ते ऐकलं तर तुम्ही पाना हातात घ्याल," असे तो म्हणतो. मजुरी महाग असल्यामुळे तिकडे घरोघरी हत्यारांची पेटी असते आणि लोक निम्मीअधिक कामे स्वतःच करतात.

पण नुसते मजुरीचे कारण नाही. जेट बोटीचा जन्मच तिकडच्या एका शेतावरच्या वर्कशॉपमध्ये झाला. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरच्या कँटरबरी भागातल्या नद्या विचित्र आहेत. वायमाकारिरी, राकाइया या नद्या डोंगरातून गोटे आणि वाळू घेऊन उतरतात आणि सपाटीवर आल्या की वेणीसारख्या अनेक प्रवाहांत फुटतात. पात्र रुंद, पण पाणी घोट्याएवढे. पंख्याची बोट तिथे चार हात गेली की पंखा दगडावर आपटलाच म्हणून समजावे. मॅकेंझी भागात आयरिशमन क्रीक नावाच्या मोठ्या मेंढपाळीच्या शेतावर राहणारे विल्यम हॅमिल्टन यांना या नद्यांतून वर जायचे होते. मशीनची आवड असलेला हा शेतकरी मातीकामाची यंत्रे स्वतःच्या वर्कशॉपमध्ये बनवत असे. १९५३-५४ च्या सुमारास त्यांनी पाण्याच्या धारेवर चालणाऱ्या बोटीचे प्रयोग केले. त्याआधी अमेरिकेत बनलेल्या यंत्रात धार बुडाखाली, पाण्यातच सोडलेली असे. हॅमिल्टन यांनी ती बोटीच्या पाठीमागून, पाण्याच्या पातळीच्या वर काढली आणि बोटीचा वेग वाढला. बुडाखाली अडकण्यासारखे काही उरले नाही, हा त्याहून मोठा फायदा. वेगात असताना ही बोट वीतभर पाण्यावरूनही निघून जाते. पाणी रेटण्याच्या या युक्तीचे श्रेय आपले नसून आर्किमिडीजचे आहे, असे हॅमिल्टन सांगत. १९७४ मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला आणि १९७८ मध्ये ते वारले.

आपल्या देशाशीही या बोटीचा एक संबंध आहे. एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी १९७७ मध्ये तीन जेट बोटी घेऊन गंगेच्या मुखापासून प्रवाहाविरुद्ध निघाले. बोटींची नावे 'गंगा', 'एअर इंडिया' आणि 'किवी'. हॅमिल्टन यांचे चिरंजीव जॉन त्या मोहिमेत होते. सुंदरबनापासून काशी, हरिद्वार, ऋषिकेश करत या बोटी नंदप्रयागजवळ पोहोचल्या आणि तिथे एका धबधब्याने त्यांची वाट अडवली. सपाटीवरच्या गढूळ, संथ गंगेपासून हिमालयातल्या खडकाळ धारेपर्यंत एकाच जातीची बोट चालली, यावरून तिची ताकद लक्षात येते.

आता मुद्द्याकडे वळू. जुनी जेट बोट एका दिवसात दगा देत नाही. आधी ती खुणा करते. त्या खुणा ओळखणे हेच मालकाचे खरे काम. माझ्या विद्यार्थ्याकडून आणि थोड्या वाचनातून जे समजले, ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट नाकाने करायची. बोटीच्या तळाच्या पोकळीत पेट्रोलचा वास येतो का? पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, तळाशी साचून राहते. अशा वेळी किल्ली फिरवली आणि कुठे ठिणगी पडली तर स्फोट होतो. म्हणून इंजिनाच्या जागेवरचे झाकण उघडून आधी वास घ्यायचा आणि हवा काढणारा पंखा काही मिनिटे चालवून मगच इंजिन सुरू करायचे. जुन्या बोटींत बहुधा मोटारीचेच इंजिन बदल करून बसवलेले असते. त्यामुळे स्टार्टर किंवा अल्टरनेटर गेला, की जुन्या बाजारातून मोटारीचा आणून जोडावा असा मोह होतो. दिसायला दोन्ही सारखेच दिसतात. पण बोटीसाठी बनवलेल्या भागात ठिणगी बाहेर पडू नये अशी सोय केलेली असते आणि मोटारीच्या भागात ती नसते. मोटारीच्या इंजिनाखालून वारा वाहतो, बोटीच्या इंजिनाखाली बंद तळ असतो. इथे वाचवलेले पैसे फार महाग पडू शकतात.

दुसरी गोष्ट बूच. तळात साचलेले पाणी काढण्यासाठी बोटीच्या मागच्या बाजूला एक भोक असते. बोट घरी ट्रेलरवर उभी असताना त्याचे बूच काढून ठेवतात. ते परत न लावता बोट नदीत सोडणारे लोक दरवर्षी निघतात, आणि त्यांत नवशिके असतात तसे मुरलेलेही असतात. विद्यार्थ्याच्या शेजाऱ्याने यावर साधा उपाय काढला आहे. बूच काढले की ते इंजिनाच्या किल्लीलाच बांधून ठेवायचे. किल्ली हातात घेतली की बूच समोर येतेच.

तिसरी गोष्ट जाळी. गेल्या वर्षी आमच्या या भागीदारांची बोट एकाएकी सुस्तावली. इंजिनाचे फेरे वाढत, आवाज वाढे, पण बोट पुढे रेटली जाईना. मोटारीचा क्लच घसरतो तसा प्रकार. विद्यार्थ्याने कार्बोरेटरवर संशय घेतला आणि तो खोलायची तयारी केली. शेजारी म्हणाला, "आधी खाली बघ." बुडाच्या जाळीत काठावरच्या विलो झाडाच्या डहाळ्या आणि दोरीचा एक तुकडा अडकला होता. पाणी पुरेसे आत येत नसेल तर इम्पेलर पाण्याऐवजी फेस घुसळत बसतो. दहा मिनिटांत काम झाले. वरून बिघाड वाटला तरी आधी सर्वांत सोपी आणि फुकटची जागा तपासावी, हा नियम आपल्या पंपालाही लागू पडतोच.

मात्र इथे एक गोष्ट जिवाची आहे. जुन्या जेट बोटींत बहुधा गिअरबॉक्स नसतो. इंजिन चालू म्हणजे इम्पेलर फिरत असतो. बोट जागेवर उभी दिसली तरी ते केवळ मागचे झाकण अर्धे पाडल्यामुळे. तेव्हा जाळीत किंवा तपासणीच्या झडपेत हात घालण्याआधी इंजिन बंद आणि किल्ली खिशात. दुसऱ्याच्या हातातही द्यायची नाही. चालू बोटीच्या मागे उथळ पाण्यात कोणी उभे राहायचे नाही, कारण तळाचे खडे धारेबरोबर उडतात. लांब केस आणि सैल कपडे यांनाही जाळीपासून लांब ठेवायचे.

चौथी गोष्ट फट. इम्पेलर ज्या गोल कड्यात फिरतो, ते कडे आणि इम्पेलरची पाती यांच्यामध्ये अगदी बारीक फट असते. नदीची वाळू रोज थोडी थोडी घासून ती फट वाढवते. फट वाढली की रेटलेले पाणी पात्याच्या कडेवरून परत मागे निसटते. पेट्रोल तेवढेच जळते, पण धार कमी होते. हा बदल इतका हळू होतो की रोज चालवणाऱ्याला कळत नाही. आपली बोट पूर्वीपासून अशीच होती असे वाटू लागते. म्हणून हंगामातून एकदा फीलर गेज घालून चारी बाजूंनी फट मोजायची आणि पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेशी ताडून पाहायची. एका बाजूला जास्त आणि एका बाजूला कमी निघाली तर बेअरिंग झिजल्याचा संशय घ्यायचा. कडे झिजले असेल तर ते बदलता येते. ते झिजण्यासाठीच बसवलेले असते. पात्यांच्या कडेला दगडाने पडलेले लहान खाचे कानशीने हलक्या हाताने साफ करता येतात, पण सगळी पाती एकसारखी राहिली पाहिजेत. मोठा तुकडा उडाला असेल तर वेल्डिंग करून इम्पेलर बॅलन्स करून घ्यावा लागतो आणि ते काम वर्कशॉपचेच.

पाचवी गोष्ट सील आणि बेअरिंग. पाणी मागे जाते तेव्हा त्याचा सगळा धक्का शाफ्टवरून एका बेअरिंगवर येतो. बोट पुढे ढकलली जाते ती त्या बेअरिंगच्या खांद्यावरून. त्याला ठरल्या वेळी ग्रीस हवे. पण ग्रीस गन हातात आली म्हणून मारत सुटायचे नाही, कारण जास्त ग्रीसने बेअरिंग तापते. पुष्कळ जुन्या युनिटमध्ये सील आणि बेअरिंग यांच्यामध्ये एक छोटे भोक ठेवलेले असते. तिथून पाणी ठिबकू लागले तर समजावे, की सील जात आले आहे आणि पुढची पाळी बेअरिंगची. ते भोक गळते म्हणून बुजवून टाकणारे महाभाग असतात. घरात धूर झाला म्हणून खिडकी बंद करण्यासारखेच ते. ही सीले पाण्यानेच थंड राहतात, म्हणून बोट ट्रेलरवर असताना इंजिन उगाच चालवून आवाज ऐकत बसू नये. होज पाइप जोडून इंजिनाला पाणी दिले तरी ते सीलपर्यंत पोहोचेलच असे नाही. पुस्तिकेत दिला असेल तेवढाच वेळ चालवावे.

सहावी गोष्ट स्टिअरिंगची केबल, पिना आणि बुश. धार वळवणारे तोंड मागे पाण्याच्या तडाख्यात असते. तिथली एक स्प्लिट पिन गंजून पडली तर चाक हातात फिरत राहील आणि बोट आपल्या मर्जीने जाईल. चाक जड वाटणे, मध्येच अडकणे, दोन्हीकडे वळवल्यावर मोकळा खेळ जाणवणे, या खुणा दिसल्या की दुरुस्ती पुढच्या आठवड्यावर टाकायची नाही. पिना आणि बुश स्वस्त असतात आणि घरी बदलता येतात. केबल आतून गंजली असेल तर तेल सोडून तात्पुरती मोकळी करण्याऐवजी नवीनच घालावी.

सातवी गोष्ट इंजिनाचे पाणी आणि ऑइल. बऱ्याच जुन्या बोटींत जेटच नदीचे पाणी इंजिनाला थंड करायला पाठवते. त्याबरोबर वाळूही जाते, म्हणून मधली गाळणी साफ ठेवायची आणि तापमानाच्या काट्यावर नजर ठेवायची. डिपस्टिक काढल्यावर ऑइल ताकासारखे दुधाळ दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे. मग इंजिन सुरू न करता कारण शोधायचे. दक्षिण बेटावर हिवाळ्यात कडाक्याची थंडी पडते. पाण्याचे बर्फ होताना ते सुमारे नऊ टक्के फुगते आणि ओतीव लोखंडाचा ब्लॉकसुद्धा फोडते. म्हणून हंगाम संपला की इंजिनातले सगळे पाणी काढून टाकतात. चार बोल्ट सैल करण्याचे काम, पण विसरले तर इंजिनच भंगारात.

आठवी गोष्ट सांगाडा. ॲल्युमिनियमला तांब्या-पितळेचा सहवास सोसत नाही. ओलाव्यात दोन वेगळे धातू एकत्र आले की त्यांतला हलका पडणारा धातू झिजत जातो. तळात पडलेला पितळेचा एक स्क्रू किंवा तांब्याचे एक नाणे महिनोन्महिने ओल्यात राहिले तर पत्र्याला खालून भोक पाडू शकते. काम झाले की तळ झाडून काढायचा, तो यासाठी. खाडीत किंवा समुद्रात बोट नेली तर परत आल्यावर गोड्या पाण्याने धुवायची आणि मुद्दाम झिजण्यासाठी लावलेले जस्ताचे तुकडे अर्धे संपले की बदलायचे. गोट्यावर आपटून पडलेला पोचा लाकडाचा ठोकळा आणि हातोडी घेऊन घरी काढता येतो. चीर गेली असेल तर मात्र ती ॲल्युमिनियम जोडणाऱ्या जाणत्या वेल्डरकडे न्यावी. वरून लांबी लावून रंग मारला की चीर दिसत नाही, पण ती पुढे सरकत राहते.

शेवटची गोष्ट वही. माझ्या विद्यार्थ्याच्या शेजाऱ्याकडे एक तेलकट वही आहे. फट किती निघाली, ग्रीस कधी दिले, कुठल्या दिवशी बोट किती फेऱ्यांवर किती वेगाने गेली, हे त्यात तारखेनिशी लिहिलेले असते. मघाशी म्हटले तसे बोट हळूहळू मंदावते आणि माणसाला त्या मंदपणाची सवय होते. वहीला सवय होत नाही. गेल्या वर्षीचा आकडा आणि यंदाचा आकडा शेजारी शेजारी ठेवले की बोट काय सांगते आहे ते कळते. "सर, तुम्ही कॉलेजात आम्हाला हजेरीपुस्तकाची भीती घातली, ती इथं उपयोगी पडली," असे तो मला हसत म्हणाला.

वाचकहो, आपल्यापैकी कोणी जेट बोट विकत घेणार आहे असे मला वाटत नाही. पण सुट्टीत मुलाबाळांना घेऊन आपण गोव्याला किंवा मालवणला जातो आणि मुले वॉटर स्कूटरवर बसण्याचा हट्ट धरतात. ती स्कूटर म्हणजे याच बोटीची धाकटी बहीण. तिच्यातही धार आहे तोवरच दिशा आहे. तेव्हा मुलाला बसवण्याआधी तीन गोष्टी पाहा. लाइफ जॅकेटचे सगळे बंद लावले आहेत ना? माणूस पडला की इंजिन बंद करणारी दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला अडकवली आहे ना? आणि चाललेल्या स्कूटरच्या मागे कोणी उभे नाही ना? चौथी गोष्ट मुलाला सांगून ठेवा: समोर काही आले तर एकदम वेग सोडून चालत नाही, थोडा जोर ठेवून आधी वळायचे. मालकाला एक प्रश्नही विचारून बघा, "शेवटची जाळी कधी साफ केली?" ज्याने खरोखर केली असेल, तो लगेच तारीख सांगेल.